घडी घालून काढा ग्रहाची कक्षा: बटर पेपर, कंपास आणि नववीची भूमिती

कलनशास्त्र (कॅल्क्युलस) आल्याशिवाय गुरुत्वाकर्षण कळत नाही, असं कॉलेजात आपल्या डोक्यात पक्कं बसवलं जातं. ते तितकंसं खरं नाही. ग्रह सूर्याजवळ आला की का पळतो, आणि अंतर दुप्पट झालं की सूर्याची ओढ चौथाईवर का येते, हे एका घड्या घातलेल्या कागदावर पट्टीने मोजून दाखवता येतं. लागते ती नववी-दहावीची भूमिती: लंबदुभाजक, स्पर्शिका आणि समांतर रेषांमधले त्रिकोण. ती विसरली असेल तरी हरकत नाही, घड्या घालता घालता आठवते.

एक अट आहे. वाचून सोडून देऊ नका, कागद हातात घ्या. नुसतं वाचणाऱ्याला चौथ्या पायरीनंतर सगळं अधांतरी वाटेल.

साहित्य

ए-फोर आकाराचा बटर पेपर, म्हणजे ट्रेसिंगचा, चार-पाच ताव. इंदूरमध्ये असाल तर खजुरी बाजारात वह्या-पुस्तकांच्या कुठल्याही दुकानात मिळेल. जाडसर मागा; फार पातळ असला तर घडीची रेघ उमटत नाही. स्वयंपाकघरातला बटर पेपर आणू नका, त्यावर बहुधा मेणाचा किंवा सिलिकॉनचा थर असतो आणि पेन्सिल नीट चालत नाही. शिवाय कंपास, कोनमापक, गुण्या, तीस सेंटीमीटरची पट्टी, टोक केलेली पेन्सिल आणि घरातलं भिंतीवरचं कॅलेंडर. कॅलेंडर कशाला, ते पुढे येईलच.

पायरी १: छत्तीस घड्या

कागदाच्या मधोमध १० सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. ए-फोरची रुंदी २१ सेंटीमीटर असल्यामुळे ते जेमतेम बसतं. केंद्राला ‘स’ नाव द्या, म्हणजे सूर्य. केंद्रापासून ६ सेंटीमीटरवर, वर्तुळाच्या आतच, एक ठळक ठिपका द्या आणि त्याला ‘र’ म्हणा. र म्हणजे रिकामी जागा, तिथे काहीही नाही. आता कोनमापकाने स आणि र यांच्या रेषेपासून सुरुवात करून दर १० अंशांवर परिघावर खूण करा. छत्तीस खुणा होतील.

आता घड्या. परिघावरची एक खूण उचला आणि कागद असा दुमडा, की ती खूण नेमकी ‘र’वर बसेल. कागद पारदर्शक असल्यामुळे दोन्ही ठिपके एकमेकांवर आलेले दिसतात. नखाने घडी घट्ट दाबा, कागद उघडा आणि पुढची खूण घ्या. कंटाळा येतो, पण छत्तीसही घाला. लोकमान्य नगरात सुट्टीत मुलांना हे करायला देतो, तेव्हा दहा-बारा घड्यांपर्यंत ‘यात काय आहे’ अशी कुरकुर चालते. वीसच्या पुढे गेलं की मुलं आपोआप गप्प होतात, कारण कागदाच्या मधोमध एक मोकळी जागा उरते आणि तिची कड गुळगुळीत दिसायला लागते. ती कड म्हणजे लंबवर्तुळ. मोजून पाहा: लांबी १० सेंटीमीटर, रुंदी ८. स आणि र या त्याच्या दोन नाभी, म्हणजे असे दोन बिंदू, की कडेवरच्या कुठल्याही ठिकाणापासून त्यांच्यापर्यंतच्या अंतरांची बेरीज सारखीच येते.

एकही वक्र रेषा न काढता वक्र मिळाला. तो घड्यांनी वेढलेला आहे, म्हणजे प्रत्येक घडी त्याला एका बिंदूत स्पर्श करते. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

पायरी २: ही आकृती लंबवर्तुळच कशावरून?

कुठलीही एक खूण घ्या, तिला ‘प’ म्हणा. प आणि र एकमेकांवर आणणारी घडी म्हणजे पर या रेषाखंडाचा लंबदुभाजक. आता स पासून प पर्यंत सरळ रेषा काढा. ती घडीला जिथे छेदते तो बिंदू ‘ग’, म्हणजे आपला ग्रह. लंबदुभाजकावरचा बिंदू दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर असतो, म्हणून गप आणि गर सारखे. मग सग अधिक गर म्हणजेच सग अधिक गप, म्हणजेच त्रिज्या, म्हणजेच १० सेंटीमीटर. खूण कुठलीही घ्या, बेरीज १० च. दोन टाचण्या आणि दोऱ्याचा फास घेऊन शाळेत लंबवर्तुळ काढायचो, त्यातल्या दोऱ्याची लांबीही अशीच बदलत नाही. मला मात्र घड्यांची रीत जास्त आवडते. दोरा फक्त आकार देतो, घड्या आकारासोबत प्रत्येक ठिकाणची स्पर्शिकाही देतात, आणि ग्रह त्या क्षणी कुठल्या दिशेने निघाला आहे ते स्पर्शिकाच सांगते.

पायरी ३: कॅलेंडर उघडा

केप्लरने १६०९ मध्ये दोन नियम प्रसिद्ध केले. पहिला: ग्रहाची कक्षा लंबवर्तुळ आहे आणि सूर्य तिच्या एका नाभीत आहे. दुसरा: सूर्यापासून ग्रहापर्यंतची रेषा सारख्या वेळात सारखं क्षेत्रफळ व्यापते. दुसरा नियम पाठ सगळ्यांना असतो, पडताळलेला कुणी नसतो. तो घरबसल्या पडताळता येतो.

धुंधुरमास सुरू होतो धनु संक्रांतीला, साधारण १६ डिसेंबरला, आणि संपतो मकर संक्रांतीला, १४ जानेवारीला. २९ दिवस. मिथुन संक्रांत साधारण १५ जूनला आणि कर्क संक्रांत १६ जुलैला. ३१ दिवस. एखाद्या वर्षी तारीख एका दिवसाने इकडची तिकडे होते, पण फरक राहतोच. दोन्ही वेळा सूर्य आकाशात ३० अंशच सरकलेला असतो, कारण राशी तेवढ्याच मोठ्या. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत पृथ्वी तेवढाच कोन लवकर उरकते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती सूर्याच्या सगळ्यात जवळ, १४.७१ कोटी किलोमीटरवर असते, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यात लांब, १५.२१ कोटी किलोमीटरवर. (थंडीत आपण सूर्याच्या जवळ असतो, हो. ऋतू अंतरामुळे होत नाहीत, पृथ्वीच्या कललेल्या आसामुळे होतात.)

आता गंमत पाहा. १५.२१ भागिले १४.७१ चा वर्ग येतो १.०७. आणि ३१ भागिले २९ हेही १.०७. पूर्ण दिवसांत मोजलं असल्यामुळे यात थोडा नशिबाचा भाग आहे, पण नियम तोच: सारखा कोन कापायला लागणारा वेळ हा अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. कारण अगदी साधं आहे. १० अंशांची अरुंद फोड घेतली तर तिचं क्षेत्रफळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असतं, आणि क्षेत्रफळ म्हणजेच वेळ, असं केप्लर म्हणतो. हे वाक्य जपून ठेवा, सहाव्या पायरीत लागणार आहे.

ज्यांना राशींत शिरायचं नाही त्यांनी २० मार्च ते २२ सप्टेंबर मोजा: १८६ दिवस. २२ सप्टेंबर ते पुढचा २० मार्च: १७९. वर्षाचे दोन अर्धे, पण सारखे नाहीत. हा फरक आपल्याकडच्या सिद्धांतकारांनाही, म्हणजे जुन्या ज्योतिर्गणितींनाही, चांगला ठाऊक होता; मंदोच्च (कक्षेतलं सगळ्यात लांबचं टोक) आणि मंदफल (बदलत्या वेगामुळे करायची दुरुस्ती) यांचा सगळा हिशेब त्यासाठीच आहे.

पायरी ४: त्रिकोणांची गंमत

क्षेत्रफळं सारखी का? न्यूटनने १६८७ मध्ये ‘प्रिन्सिपिया’त याचं जे उत्तर दिलं, त्याला अर्धं पान आणि एक पट्टी पुरते. कागदावर एक बिंदू सूर्य म्हणून घ्या. बाजूला एक सरळ रेषा काढून तिच्यावर सारख्या अंतरावर क, ख, घ असे बिंदू घ्या. कुठलीही ओढ नसेल तर ग्रह पहिल्या सेकंदात क वरून ख वर जाईल आणि दुसऱ्या सेकंदात ख वरून घ वर. सूर्य-क-ख आणि सूर्य-ख-घ या त्रिकोणांचे पाये सारखे, उंचीही सारखी, म्हणून क्षेत्रफळ सारखं. म्हणजे ओढ शून्य असली तरी केप्लरचा दुसरा नियम चालतोच! बहुतेकांना इथे धक्का बसतो.

आता ख पाशी सूर्याने ग्रहाला स्वतःकडे एक हिसका दिला असं समजा. ग्रह घ ऐवजी घ’ ला पोचेल, आणि घ ते घ’ ही रेषा ख-सूर्य या रेषेला समांतर असेल, कारण हिसका त्याच दिशेने दिला. मग सूर्य-ख-घ आणि सूर्य-ख-घ’ हे दोन त्रिकोण एकाच पायावर, एकाच दोन समांतर रेषांमध्ये. क्षेत्रफळ सारखं. संपलं.

इथे नवशिके हमखास घसरतात ते एका ठिकाणी: या सिद्धतेत हिसका किती जोराचा, याला काहीच महत्त्व नाही. तो सूर्याच्या दिशेने असला की झालं. म्हणून दुसऱ्या नियमावरून फक्त ओढीची दिशा कळते. ओढ अंतराप्रमाणे कशी बदलते हे त्यातून कळत नाही. त्यासाठी घड्यांच्या कागदाकडे परत जावं लागतं.

पायरी ५: बत्तीस

गुण्या घ्या. कुठलीही एक घडी निवडा आणि सूर्यापासून, म्हणजे ‘स’पासून, त्या घडीवर लंब टाका. लंबाची लांबी लिहा. मग ज्या खुणेने ती घडी पडली त्या ‘प’पासून ‘र’पर्यंतचं अंतर मोजा. दोन्हींचा गुणाकार करा.

सूर्यापासून सगळ्यात लांबचं टोक घ्या: लंब ८ सेंटीमीटर, पर ४ सेंटीमीटर, गुणाकार ३२. सगळ्यात जवळचं टोक: लंब २, पर १६, गुणाकार ३२. आता ‘स’ ते ‘र’ या रेषेशी काटकोनात असलेली खूण, म्हणजे ९० अंशांची: पर साधारण ११.७, लंब साधारण २.७, गुणाकार पुन्हा ३२ च्या आसपास. पेन्सिल बोथट असेल तर ३१ किंवा ३३ येईल, घाबरू नका. चाळीसच्या घरात गेलात तर मात्र लंब चुकीच्या घडीवर टाकला आहे.

याचा अर्थ काय? एका सेकंदात ग्रह जेवढा सरकतो तो त्रिकोणाचा पाया, सूर्यापासून स्पर्शिकेवरचा लंब ही उंची. क्षेत्रफळ कायम, म्हणजे वेग गुणिले लंब कायम. आणि कागद सांगतो की पर गुणिले लंबही कायम. तेव्हा पर हाच वेग! एका ठराविक प्रमाणात, अर्थात. दिशेचंही तसंच: ग्रह घडीच्या दिशेने चालला आहे आणि घडी परला लंब आहे, म्हणून र पासून प पर्यंतचा बाण घड्याळाच्या उलट ९० अंशांत वळवला की ग्रहाचा वेग दिशेसकट हातात येतो.

ज्या वर्तुळाला आपण नुसती घड्यांची सोय समजत होतो, ते प्रत्यक्षात ग्रहाच्या वेगांचं वर्तुळ निघालं. सगळे वेगबाण एकाच ठिकाणाहून, ‘र’वरून, काढले की त्यांची टोकं एका चोख वर्तुळावर पडतात. कक्षा लंबगोल, पण वेग वर्तुळात. ही गोष्ट १८४० च्या दशकात आयरिश गणिती हॅमिल्टनने मांडली आणि भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमनने १९६४ मध्ये कॅलटेकच्या पहिल्या वर्षाच्या मुलांसमोर जवळपास याच आकृतीने उलगडून दाखवली. पाठ्यपुस्तकांत ती का नसते, हे मला आजवर कळलेलं नाही.

पायरी ६: व्यस्त वर्गाचा नियम

शेवटची चढण. शेजारशेजारच्या दोन खुणा घ्या. त्यांच्यातलं अंतर मोजा: पावणेदोन सेंटीमीटर. छत्तीसही जोड्यांत तेवढंच, कारण वर्तुळावर दर १० अंशांनी खुणा केल्या आहेत. एका खुणेपासून दुसरीपर्यंत वेगाचं टोक सरकलं, म्हणजे तेवढ्या काळात सूर्याने ग्रहाच्या वेगात तेवढा बदल केला. तो छोटा बाण घड्याळाच्या उलट ९० अंशांत वळवून पाहा, थेट सूर्याकडे रोखलेला दिसेल.

आता हिशेब जुळवा. लांबच्या टोकाला अंतर ८, जवळच्या टोकाला २. तिसऱ्या पायरीप्रमाणे तीच १० अंशांची फोड ओलांडायला लांबच्या टोकाला १६ पट वेळ लागतो. तरी वेगातला एकूण बदल दोन्हीकडे सारखाच, पावणेदोन. १६ पट वेळ मिळूनही बदल तेवढाच झाला, म्हणजे ओढ तिथे सोळाव्या हिश्श्याएवढी होती. अंतर चौपट, ओढ एक सोळांश. हाच व्यस्त वर्गाचा नियम, आणि तो आपण कागदावरून मोजून काढला.

उलटा प्रवासही याच वाटेने होतो. ओढ व्यस्त वर्गाची आहे असं धरा. मग प्रत्येक १० अंशांत वेगाला बसणारा हिसका सारखा आणि दर वेळी १० अंशांनी वळलेला. मोकळ्या मैदानात सारखी पावलं टाकत दर पावलाला १० अंश वळत गेलात तर छत्तीस पावलांत जिथून निघालात तिथेच परत येता. वेगाचं टोकही तसंच फिरून छत्तीस बाजूंचा बहुभुज पुरा करतं. फोडी बारीक केल्या की त्याचं वर्तुळ, आणि वर्तुळावरून घड्या घातल्या की लंबवर्तुळ.

नियम फक्त ग्रहांपुरता आहे का, याची न्यूटनने चंद्रावर पारख केली. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे ६० पृथ्वी-त्रिज्या लांब, तेव्हा ओढ ३६०० पट कमी हवी. इथे हातातून सुटलेला दगड पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडतो. चंद्र आपल्या सरळ वाटेवरून एका सेकंदात पृथ्वीकडे झुकतो १.३६ मिलिमीटर. भागून बघा.

खरे ग्रह कागदावर

आपण ‘र’ ६ सेंटीमीटरवर ठेवला तो मोजायला सोपं जावं म्हणून. एवढी चपटी कक्षा मोठ्या ग्रहांपैकी कुणाचीच नाही. १० सेंटीमीटर त्रिज्येच्या वर्तुळात ‘र’ किती सेंटीमीटरवर आहे, याला दहाने भागलं की कक्षेची विमध्यता, म्हणजे ती वर्तुळापासून किती ढळली आहे याचं माप, मिळते. बुध ०.२०६, म्हणून २.०६ सेंटीमीटर. मंगळ ०.०९३, म्हणून ९.३ मिलिमीटर. पृथ्वी ०.०१७, म्हणजे जेमतेम पावणेदोन मिलिमीटर. मंगळाचा कागद जरूर करून पाहा. घड्यांतून जे निघतं ते डोळ्यांना निखळ वर्तुळ वाटतं: लांबी १० सेंटीमीटर, रुंदी त्याहून अर्धा मिलिमीटरसुद्धा कमी नाही. सूर्य मात्र मध्यापासून साडेचार-पाच मिलिमीटर सरकलेला स्पष्ट दिसतो. पुस्तकांतली ताणलेल्या अंड्यासारखी चित्रं पाहून मुलांच्या मनात जे बसतं ते इथे निघून जातं. खगोल-निरीक्षक टायको ब्राहेने घेतलेल्या मंगळाच्या वेधांत आणि वर्तुळावर रचलेल्या हिशेबात केप्लरला जो फरक खटकला, तो होता कोनाची फक्त ८ मिनिटं (एक अंश म्हणजे ६० मिनिटं). दहा सेंटीमीटर लांबून पाहिलं तर पाव मिलिमीटरही भरत नाही. तेवढ्यासाठी त्याने वर्तुळ सोडलं.

हे सगळं हाताखालून गेलं की एकदा उज्जैनच्या जिवाजी वेधशाळेत जाऊन या, इंदूरहून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात बांधलेली. तिथल्या सम्राट यंत्राची, म्हणजे भल्यामोठ्या सावलीच्या घड्याळाची, सावली आणि हातातलं घड्याळ यांचा मेळ बसत नाही. त्यातली सुमारे २७ मिनिटं तर उज्जैन भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या पश्चिमेला आहे म्हणून. उरलेला फरक वर्षभर कमीजास्त होतो, आणि त्यातला एक वाटा पृथ्वीच्या या बदलत्या वेगाचा आहे, दुसरा तिच्या कललेल्या आसाचा. दोन्ही एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे नवशिक्याने वेगाची पारख कॅलेंडरवरूनच करावी, यंत्रावरून नको.

ताणलेली चादर आणि तिच्यावर फिरणारी गोटी हा प्रयोग हल्ली प्रत्येक विज्ञान प्रदर्शनात असतो. दिसायला छान, पण कक्षा शिकायला निरुपयोगी. गोटी घर्षणाने आत ओढली जाते आणि चादरीचा खड्डा व्यस्त वर्गाच्या ओढीला जुळणाऱ्या आकाराचा नसतो. छताला टांगलेला लोलक लंबवर्तुळ काढतो खरा, पण ओढीचं केंद्र त्याच्या मधोमध असतं, नाभीत नाही. तो नियमच वेगळा. आइन्स्टाइनच्या १९१५ च्या सिद्धांतातली वक्र अवकाशाची भूमिती ही तिसरीच गोष्ट. आपल्या कागदावर तिची खूण एवढीच, की बुधाचं लंबवर्तुळ नेमकं जुळून येत नाही. इतर ग्रहांच्या ओढीचा हिशेब वजा केला तरी ते शतकाला ४३ विकला (एक अंश म्हणजे ३६०० विकला) हळूहळू वळत राहतं. एक अंश वळायला आठ हजारांहून जास्त वर्षं.

घड्यांची सवय झाली की ‘र’ वर्तुळाच्या बाहेर ठेवून पाहा. त्रिज्या ५ सेंटीमीटर घ्या आणि ‘र’ ६ सेंटीमीटरवर, म्हणजे विमध्यता १.२. दुसऱ्या ताऱ्याच्या परिसरातून आलेला आणि २०१७ मध्ये सापडलेला ओउमुआमुआ नावाचा लहानसा खगोलीय पिंड साधारण याच विमध्यतेने सूर्याला वळसा घालून निघून गेला. (‘र’ नेमका परिघावर ठेवू नका, सगळ्या घड्या केंद्रातून जातात आणि हाती काहीच लागत नाही. अन्वस्त (पॅराबोला) हवा असेल तर वर्तुळाऐवजी कागदाची सरळ कड एका बिंदूवर दुमडत जा.) बाहेरच्या ‘र’ने अपास्त (हायपरबोला) उमटतो, दोन वेगळ्या फांद्यांचा. सूर्याभोवती वळणारी फांदी ओउमुआमुआची. दुसरी, ‘र’कडची, सूर्याने ओढण्याऐवजी ढकललं असतं तर झाली असती ती वाट. अणुकेंद्रकाजवळून परतणारे अल्फा कण (केंद्रकासारखाच धन विद्युतभार असल्यामुळे दूर ढकलले जाणारे) असेच वळतात, आणि रदरफर्डने १९११ मध्ये अणूच्या पोटातलं केंद्रक ओळखलं ते याच फांदीच्या हिशेबाने.